आकाराममामांची पकड

कोल्हापुरात पैलवान तीन प्रकारचे. जिंकलेले, हरलेले, आणि "जिंकलोच हुतो, पंचानं बघितलं न्हाय" असं सांगणारे. उचगावचे आकाराम चव्हाण हे तिसऱ्या प्रकारातले. तरुणपणी ते मंगळवार पेठेतल्या एका तालमीत घुमायचे. डावात कच्चे, चालीत सुस्त, पण एकदा समोरच्याचा दंड हातात आला की सुटायचा नाही. वस्ताद म्हणायचे, "आकारामच्या हातनं कुस्ती निकाली व्हायची न्हाय, पण गडी बी सुटायचा न्हाय." त्यामुळं त्यांच्या बहुतेक कुस्त्या बरोबरीत सुटल्या आणि लोक कंटाळून भडंगाच्या गाडीकडं वळले.

या पकडीचं पुढं काही होईल असं घरच्यांनासुद्धा वाटलं नव्हतं. पण शहरातल्या लहान मुलांच्या एका दवाखान्यात त्यांना वॉर्डबॉयची नोकरी लागली, आणि पहिल्याच आठवड्यात कपाळ फुटलेलं एक पोरगं टेबलावरून सारखं निसटायला लागलं. दोन सिस्टर आणि पोराचा बाप मिळून आवरत होते. मोठे डॉक्टर सुई हातात धरून घामाघूम झाले होते. आकाराममामा पुढं झाले. पोराला चादरीत गुंडाळलं, हात आत, पाय आत, डोकं दोन तळव्यांच्या मध्ये घट्ट. "घाला टाकं," म्हणाले. पोरगं कौलं उडतील असं बोंबललं, पण हललं नाही. डॉक्टरांनी टाके घातले आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. कुस्तीच्या आखाड्यात न मिळालेली थाप मामांना अपघात विभागात मिळाली.

तेव्हापासून दवाखान्यात कुठंही पोर ओरडलं की हुकूम सुटायचा, "मामांना बोलवा." हनुवटी फुटलेली, बोट दारात चेमटलेलं, नाकात चिंचोका गेलेला, सगळी पोरं मामांच्या हाताखालून गेली. सुन्न करायचं इंजेक्शन मोठे डॉक्टर द्यायचे, पण ते चढायच्या आत सुई चालू व्हायची, कारण बाहेर रांग असायची. मामांनाही थांबायची गरज वाटायची नाही. "दोन मिंटं वराडतंय आन् इसरून जातंय. ल्हान पोराच्या ध्यानात काय ऱ्हातंय?"

पोरांच्या ध्यानात मात्र चांगलंच राहायचं. मामा रंकाळ्यावर फिरायला गेले तर भेळ खाणारं एखादं पोरगं त्यांना बघून द्रोण टाकायचं आणि आईच्या पदरामागं जायचं. लग्नात मामा जेवायला बसले की शेजारच्या पंगतीतली चार-दोन पोरं उठून दुसऱ्या टोकाला जायची. उचगावातल्या आया तर त्यांचं नाव औषधासारखं वापरायच्या. "गप जेवतोस का बोलवू आकाराममामाला?" पोरगं ताट चाटून पुसून मोकळं. मामा हे सगळं चहाच्या गाड्यावर छाती काढून सांगायचे. आपण गावचे बागुलबुवा झालोय हे त्यांना मानाचं पद वाटायचं.

फक्त एका घरात या पदाचा त्यांना त्रास होता, आणि ते घर त्यांचं स्वतःचं होतं.

नात क्रांती. मुलगा सम्राट आणि सून अनुजा यांची एकुलती एक. लहान होती तेव्हा दिवसभर आबांच्या मांडीवर असायची, कुस्तीत मोडलेल्या त्यांच्या कानाशी खेळायची. मग एकदा उंबऱ्यावर आपटून तिची भुवई फुटली. अनुजा तिला घेऊन दवाखान्यात धावली. मामा ड्यूटीवरच होते. दुसरा वॉर्डबॉय पुढं झाला, तर मामांनी त्याला बाजूला सारलं. "माझी नात हाय. मी धरतो." आणि धरली. इतर पोरांना धरायचे त्याहून घट्ट, कारण टाका डोळ्याजवळ होता. भुवई सुरेख जुळली. क्रांती मात्र त्या दिवसापासून आबांच्या मांडीवर बसली नाही.

तसं म्हटलं तर काही तक्रार नव्हती. "आबा, चहा," म्हणून कप आणून द्यायची, पण हात लांब करून, आणि कप टेकला की हात मागं. पाया पडायची ती दोन वीत अंतर ठेवून. मामांनी खाऊ आणला तर आज्जीच्या, म्हणजे बाळाबाईंच्या हातून घ्यायची. मामा म्हणायचे, "लाजाळू हाय पोरगी." यावर बाळाबाईंच्या भाकरी थापायचा आवाज जरा वाढायचा. पोरगी कुठं लाजाळू होती? शाळेत भाषणाला पहिली, गल्लीत भांडणाला पहिली. मामांनाही ते दिसत होतं. त्यांना आयुष्यात आता दुसरं काही नको होतं, एकदा ती आपणहून मांडीवर येऊन बसावी एवढंच. पण पैलवान माणूस असं काही बोलून दाखवत नाही, तो मिशीला पीळ देतो.

मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टर अवंतिका आल्या. पुण्याहून शिकून आलेल्या, अंगानं बारीक, आवाजानं हळू. मामांनी पहिल्याच दिवशी माई सिस्टरला सांगितलं, "ही बाई काय टिकत न्हाय. पोरं हिला घेऊन पळतील." माई सिस्टर दवाखान्यात मामांच्याही आधीपासून होत्या आणि त्यांच्या भविष्यवाण्यांचा हिशोब ठेवत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी हनुवटी फुटलेलं पोरगं आलं. मामा चादर घेऊन हजर. डॉक्टर अवंतिका म्हणाल्या, "मामा, चादर नको. आधी मलम लावू, जागा बधिर होऊ दे." मलम लावलं, वर पट्टी चिकटवली, आणि सगळे थांबून राहिले. मामांच्या सगळ्या नोकरीत त्या खोलीत कुणी थांबलेलं नव्हतं. पुरेसा वेळ गेल्यावर बाईंनी पोराला आईच्या मांडीवर बसवलं, बापाला मोबाइलवर ट्रॅक्टरच्या शर्यती लावायला सांगितल्या आणि टाके घातले. पोरगं मध्येच एकदा म्हणालं, "निळा ट्रॅक्टर फुडं गेला." एवढंच. मामा चादर हातात धरून उभेच, वरात निघून गेल्यावर मागं राहिलेल्या बँडवाल्यासारखे.

मग रोज नवीन काहीतरी. फार दुखत असेल तर नाकात औषधाचा फवारा. मोठं काम असेल, हाड बसवायचं असेल किंवा जखम खोल असेल तर गुंगीचं औषध. बोटाला मशीन लावायचं, एक डॉक्टर फक्त श्वासावर नजर ठेवायला, दुसरा कामाला. मामांना हे सगळं चैन वाटायचं. "आमच्या टायमाला वस्ताद खांदा बसवायचं ते नुसता लंगोट दातात धरायला देऊन," असं ते सांगायचे. लंगोट कुणाचा हे विचारलं की विषय बदलायचे.

एकदा त्यांच्यानं राहवलं नाही. "मॅडम, ल्हान पोरास्नी येवढं कशाला? मोठं झाल्यावर कुणाला आठवतंय व्हय?"

डॉक्टर अवंतिका लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली. "मामा, तुम्ही धरलेली मुलं रस्त्यात भेटली तर काय करतात?"

मामा खूश झाले. हा तर त्यांचा लाडका विषय. त्यांनी रंकाळ्यावरची भेळ सांगितली, लग्नातली पंगत सांगितली, स्वतःच मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की बाई हसत नाहीयेत. मग त्यांना घरातला चहाचा कप आठवला, टेकला की मागं जाणारा हात आठवला, आणि हसू तोंडातच राहिलं. "बाहेर पेशंट आलाय वाटतं," म्हणून ते निघून गेले. बाहेर कुणी नव्हतं.

डॉक्टर अवंतिकांनी त्यांना काढलं नाही, वेगळं काम दिलं. गुंगी द्यायची तर पोटात अन्न नको. गुंगीत उलटी झाली आणि ती श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं. म्हणून आलेल्या प्रत्येक पोराच्या माणसांना दारातच विचारायचं, शेवटचं काय खाल्लं, कधी खाल्लं, आणि इथून पुढं काही द्यायचं नाही म्हणून सांगायचं. ऐकायला सोपं. पण हे कोल्हापूर. इथं पोर पडलं की आधी त्याला खायला घालतात आणि मग दवाखाना शोधतात. धक्का बसलाय, पाज दूध. रक्त गेलंय, दे केळं. रडतंय, दे वडा. नृसिंहवाडीहून एक कुटुंब आलं, पोराचं डोकं घाटाच्या पायरीवर आपटलेलं, आणि पोराच्या दोन्ही गालांत कवठाची बर्फी. "देवाचा प्रसाद हाय, न्हाय कसं म्हणायचं?" बाप म्हणाला.

मामांनी हे काम तालमीतल्या जोरांसारखं मनावर घेतलं. पटलेलं नव्हतं, पण हाताखाली कुणीतरी पाहिजेच होतं, पोर नाही तर बाप. "काय खाल्लंय? खरं सांगा पावणं." "काय न्हाय मामा, सकाळधरनं उपाशी हाय." मामा वाकून पोराच्या तोंडाचा वास घ्यायचे. "उपाशी? ह्येच्या तोंडाला मिसळीचा वास यालाय, वर कट बी घेतलाय ह्येनं!" बाप ओशाळायचा. मामा मग सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं व्याख्यान द्यायचे, श्वासनलिका कुठं असते आणि उलटी कुठं जाते, हातवारे करून. "येवढं शिकल्यालं माणूस तुम्ही, आन् पडल्याल्या पोराला खायला घालता? अक्कल हाय का न्हाय?"

तर असे हे मामा एका रविवारी सुट्टीला घरी होते.

उसाचा हंगाम होता. घरासमोर एक भरलेली ट्रॉली उभी होती, ट्रॅक्टरवाला चहाला गेला होता. गल्लीतली पोरं ऊस उपसायला ट्रॉलीवर चढली, त्यात क्रांती सगळ्यांच्या वर. हातातला ऊस सुटला आणि ती त्याच्यासकट खाली आली. मामा धावत गेले. क्रांती भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते. डावा हात मनगटाच्या वर असा वाकला होता की बघवेना. मामांनी हात पुढं केला तशी ती भिंतीला आणखी चिकटली.

"हात लावू नगासा," ती म्हणाली.

मामा तिथंच थांबले. मग त्यांना सुचलं ते एकच. पैलवानाच्या डोक्यात सगळ्या दुखण्याचं औषध एकच असतं. ते गोठ्यात गेले. सकाळची धार काढून झालेली होती, पण म्हशीनं त्यांचं तोंड बघून की काय, आणखी दिलं. फेसाळतं दूध तांब्यात घेऊन ते आले आणि सवयीनं बाळाबाईंच्या हातात द्यायला लागले. पण बाळाबाई पाटीची लाकडी चौकट मोडून क्रांतीच्या हाताला फळी बांधत होत्या. तेव्हा मामांनी तांब्या स्वतःच क्रांतीच्या तोंडाला लावला. तहानलेली पोरगी घटाघटा प्यायली, सगळा तांब्या. पिऊन झाल्यावर तिनं आबांकडं बघितलं. एवढ्या वर्षांत तिनं आबांच्या हातून काही घेतलं नव्हतं. मामांना मोडलेल्या हाताचा क्षणभर विसर पडला, इतका आनंद झाला.

सम्राटनं गाडी काढली. अनुजा क्रांतीला घेऊन मागं, मामा पुढं. दवाखान्याच्या दारात माई सिस्टर भेटल्या. पोरीचा हात बघून त्यांनी स्ट्रेचर मागवलं, आणि मग मामांकडं बघून जरा गमतीनं म्हणाल्या, "आज तुमचा प्रश्न मी विचारते हं मामा. शेवटचं काय खाल्लं, कधी खाल्लं?"

"सकाळी चहा-चपाती," अनुजानं सांगितलं. "त्याला बराच वेळ झाला." दूध पाजलं तेव्हा ती आत गाडीची किल्ली शोधत होती.

तोपर्यंत मामांना तो तांब्या आठवलाच नव्हता. आता आठवला, फेसासकट. डॉक्टर अवंतिका आल्या, हात बघितला, बोटांत रक्त नीट पोचतंय का बघितलं, आणि म्हणाल्या, "हाड सरकलंय. गुंगी देऊन बसवावं लागेल. पोट रिकामं आहे म्हणता, मग लगेच करू."

व्हरांड्यात मामांनी ज्यांना ज्यांना अक्कल शिकवली होती ते सगळे जणू समोर उभे राहिले. बोलावं तर हसं होणार, ते एक. पण त्याहून वाईट म्हणजे क्रांतीला थांबावं लागणार, आणि ते आपल्यामुळं. आधीच पोरगी जवळ येत नाही. आज एक तांब्या प्यायली, तर तोच तांब्या तिला दुखवणार. क्षणभर मामांच्या मनात आलं, दूधच तर आहे, पातळ असतंय, काय होतंय? मग त्यांना स्वतःचं व्याख्यान आठवलं. श्वासनलिका कुठं असते हे आता त्यांना नको इतकं माहीत होतं.

"मॅडम, थांबा!" ते ओरडले. कोल्हापुरी माणसाला हळू कबुली देता येत नाही. "दूध प्यालीया ती. म्हशीचं. तांब्याभर. आत्ता निघताना. मीच पाजलं!"

सगळा व्हरांडा हसत सुटला. दुसरा वॉर्डबॉय भिंतीला धरून हसला. माई सिस्टरनी तोंडाला रुमाल लावला. बाकावर बसलेला एक पावणा, ज्याच्या पोराच्या तोंडाचा वास मामांनी मागच्याच महिन्यात घेतला होता, उठून उभा राहिला. "अक्कल हाय का न्हाय, मामा?" त्यानं विचारलं, आणि ते विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते त्याच्या लग्नातल्या फोटोतही नसेल.

डॉक्टर अवंतिका हसल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. "घाई करण्यासारखं नाहीये. दुपारपर्यंत थांबू. पण तिला दुखत ठेवून थांबायचं नाही." त्यांनी क्रांतीच्या नाकात औषधाचा फवारा मारला. क्रांतीनं नाक मुरडलं. थोड्या वेळानं तिचे आवळलेले खांदे सैल झाले, ओठांवर रंग आला. मग हाताला नीट आधाराची पट्टी बांधली, एक्स-रे काढला आणि तिला कोपऱ्यातल्या खाटेवर निजवलं.

सम्राट औषधं आणायला गेला. अनुजा घरी फोन करायला बाहेर गेली, कारण बाळाबाई तिकडं देव पाण्यात घालून बसल्या होत्या. खाटेपाशी मामा एकटे उरले. स्टूल ओढून बसले, तेही लांबच.

"आबा," क्रांती म्हणाली. औषधानं तिची जीभ जरा जड झाली होती, पण डोळे टक्क उघडे. "आता तुम्ही धरणार मला?"

"न्हाय ग."

"खरं?"

"खरं. आता न्हाय धरत कुणाला. बंद झालं त्ये."

"मग हात मागं घ्या."

मामांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखे ते स्टुलावर बसले. येणारा-जाणारा बघून हसत होता. दुसरा वॉर्डबॉय तर मुद्दाम दोनदा चहा विचारून गेला, कप हातात घेता येणार नाही हे बघून. मामांनी हात पुढं आणले नाहीत.

बऱ्याच वेळानं क्रांती छताकडं बघत म्हणाली, "तवा मी तुम्हालाच हाक मारत हुतो."

"कवा?"

"भुवईच्या टायमाला. आबा सोडवा, आबा सोडवा म्हणत हुतो. तुम्हीच धरलंय ते मला दिसत नव्हतं. चादर हुती डोळ्यांवर." ती थांबली. "मग चादर काढली, तर तुम्हीच."

मामांना ती हाक आठवली. चांगलीच आठवली. ती त्यांनी चहाच्या गाड्यावर कितीतरी वेळा सांगितली होती. "नात आबा आबा करत हुती, पण पकड ढिली केली न्हाय," असं, अभिमानानं. त्यांना वाटलं होतं, सगळीच पोरं कुणाला ना कुणाला हाका मारतात. ही आपल्याला सोडवायला बोलवत होती, हे त्यांच्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं. हात मागं होते, म्हणून डोळे पुसता येईनात. नाकाचं पाणी मिशीत उतरलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात.

क्रांतीचा डोळा लागला होता की नाही, ते कळलं नाही.

दुपारी पोट रिकामं झाल्याची खात्री करून डॉक्टर अवंतिकांनी तयारी केली. "आई आत थांबू शकते," म्हणाल्या. मामा उठून बाहेर निघाले. तेवढ्यात क्रांती म्हणाली, "आबा बी असूदेत. पण लांब. आन् हात मागं."

बोटाला मशीन लागलं, टिक टिक सुरू झालं. हातातल्या सुईतून औषध गेलं आणि क्रांतीचे डोळे उघडेच राहून कुठंतरी लांब गेले. बोलावून घेतलेल्या हाडांच्या डॉक्टरांनी तिचा हात धरला, ओढला, वळवला. कट्ट असा बारीक आवाज आला. पोरगी शांत होती, श्वास चालू, मशीनचा ठेका चालू. हजार पोरांचं रडणं बघितलेले आकाराममामा मात्र हे न रडणं बघून पांढरे पडले. भिंतीला टेकले, भिंतीवरून हळूहळू खाली घसरले आणि फरशीवर बसले. पहिल्यांदाच त्यांची कुस्ती निकाली झाली. "मामांना पाणी द्या कुणीतरी," माई सिस्टर म्हणाल्या, "आणि त्यांचंही शेवटचं काय खाल्लं ते विचारा."

क्रांती जागी झाली ती हसत, मग ओकली, मग परत हसली. भिंतीवर तीन पंखे दिसतात म्हणाली. हाताला पांढरंशुभ्र प्लास्टर होतं. अनुजानं तिचं तोंड पुसलं आणि कागदपत्रं गोळा करायला गेली. मामा खाटेपाशी आले, शहाण्यासारखे हात मागं घेऊन.

"झालं?" क्रांतीनं विचारलं.

"झालं की."

"मला कळलंच न्हाय."

"कळत न्हाय त्ये. औषधच तसं हाय."

क्रांती प्लास्टरकडं बघत राहिली. भांडणाच्या आधी तिच्या कपाळाला जी आठी पडायची ती पडली. "मग भुवईच्या टायमाला ह्ये का न्हाय दिलं? तवा नव्हतं व्हय औषध?"

मामांना उत्तर सोपं होतं. तेव्हा नव्हतं, एवढं म्हटलं की झालं. पोरीला काय कळणार होतं? सगळं जुन्या काळावर ढकलून मोकळं होता आलं असतं, आणि ती कदाचित आजच्या आज मांडीवर येऊन बसली असती. त्यांनी डॉक्टर अवंतिकांकडं बघितलं. बाई पाठमोऱ्या हात धूत होत्या, सोडवायला येणार नव्हत्या.

"हुतं," मामा म्हणाले. "तवा बी हुतं. आमास्नीच गरज वाटली न्हाय. मला वाटलं, मी हाय की धरायला."

क्रांतीनं तोंड फिरवलं. मामांनी मान खाली घातली. आता ही जन्मात जवळ येत नाही, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं.

संध्याकाळी सुट्टी मिळाली. सम्राट गाडी दाराशी आणायला गेला. अनुजाच्या एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात पिशवी, काखेत क्रांतीच्या चपला. क्रांती खाटेवरून उतरली, दोन पावलं टाकली आणि झोकांडी गेली. औषधाचा अंमल पुरता उतरला नव्हता. ती खाटेला धरून उभी राहिली, आईकडं बघितलं, आईचे हात भरलेले. मग मामांकडं वळली.

"उचला की मला."

मामांना आधी ऐकलं ते खरं वाटेना. मग ते वाकले. पण हात पुढं आल्यावर त्यांना कळेना की कुठं लावायचे. दंडाला लावावेत तर प्लास्टर, काखेत लावावेत तर दुखेल, घट्ट धरावं तर चादर आठवेल. ज्या हातांतून कधी कुणी सुटलं नव्हतं ते हात हवेतच राहिले. शेवटी त्यांनी तिला दोन तळव्यांवर, देवाचं ताट उचलावं तसं अलगद उचललं आणि अंगापासून लांब धरून चालायला लागले. दारापर्यंत येईस्तोवर ती एका बाजूला घसरली.

क्रांतीनं चांगला हात त्यांच्या गळ्यात टाकला आणि त्यांच्या मोडक्या कानाशी वैतागून ओरडली, "नीट धरा की, आबा! पडीन मी."